पुस्तक बंद कर आधी

ताई,

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गात होते. मी तासाला फोन उचलत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी तो टेबलावर लागोपाठ तीनदा थरथरला. शेवटी दारात जाऊन उचलला. ते म्हणाले, "विजू, ताई गेली."

मी विचारलं, "कुठं गेली?"

खरंच विचारलं मी. मला वाटलं, वरूडला गेली असशील. किंवा अमरावतीला डोळे दाखवायला गेलीस आणि फोन घरीच विसरलीस, आणि भाऊजी उगीच घाबरलेत. मग तुझ्या सुनेनं, रुपालीनं, त्यांच्या हातून फोन घेतला. "मावशी, या तुम्ही. आत्ताच्या आत्ता या." तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी वर्गात परत गेले. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ठेवलं होतं, ते पूर्ण केलं. खाली रेघ मारली. पोरींना म्हणाले, पुढचा धडा वाचा. मग पर्स घेऊन शिक्षकखोलीत गेले आणि तिथं कुणीतरी "काय झालं बाई?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "ताई गेली म्हणतात." म्हणतात! जसं काही गावगप्पांतलं काही होतं ते.

अकोल्याहून अमरावतीच्या बसमध्ये बसले आणि मी तुलाच फोन लावला. काही मोठं घडलं की आधी तुला सांगायचं, ही माझी पन्नास वर्षांची सवय. ताईला काहीतरी झालंय हे सांगायचं कुणाला, तर ताईला. रिंग गेली. रुपालीनं उचलला तुझा फोन. बस मूर्तिजापूर सोडून बरीच पुढं येईपर्यंत फोन तसाच सुरू होता, नुसता घरातला आवाज येत होता, बाया रडत होत्या, कुणीतरी बादली ओढत होतं.

सकाळी अंगणात उभी राहून तू म्हणालीस, डोकं जड झालं माह्यं, चहा टाक वं रुपाली. आणि बाजेवर बसलीस. चहा उकळेस्तोवर तू आडवी झाली होतीस. वरूडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातली शीर फुटली, रस्त्यातच संपलं सगळं. एवढंच. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचं संपायला चहा उकळण्याइतका वेळ पुरला, हे मी आज तीन आठवड्यांनीही कुणाला सांगते तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

आणि त्याच्या अकरा दिवस आधी मी तुला काय म्हणाले होते, ते फक्त तुला आणि मला माहीत आहे.

शनिवार-रविवार धरून आले होते मी शेंदूरजनाघाटला. दुपारी तू ओसरीत बसून तुझी ती डायरी चाळत होतीस. कृषी केंद्रवाले दरवर्षी फुकट देतात ती, रोजचं एक पान असलेली. तू तारखांकडं कधी पाहिलंच नाहीस. मार्चच्या पानावर ऑगस्टमधलं, ऑगस्टच्या पानावर मागच्या साली वाचलेलं. मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं. लिहिलं होतं, "खा. – म. – घाई – पस्तावा." खाली, "ना. वर. – १० दि. आधी. – बरं." पान भरून असंच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"टिपण."

"ही टिपणं? खा. म्हणजे काय? खाणं?"

"खालचं वावर, बुद्धू."

"आणि म.?"

"माह्यं मले समजते ना वो. तुले कायले पाह्यजे?"

मी तुझ्यावर चिडले, ताई. आपली ही जुनीच भांडणं. टिपण असं असावं की उद्या कुणी परक्यानं उचललं तरी त्याला कळावं, असं मी म्हणायची. आणि तू म्हणायचीस, परक्यासाठी लिहाचं तं छापाचं मंग. टिपण आपल्यासाठी राह्यते. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. म्हणाले, "एवढी वर्षं वाचतेस, एवढं करून पाहतेस, आणि लिहितेस हे असं. उद्या तू नसलीस तर हे वाचणार कोण?"

तू हसलीस. डायरी मिटलीस. म्हणालीस, "मी कुठी जाऊन राह्यली?"

मी ते वाक्य रोज ऐकते. सकाळी दात घासताना ऐकते.

आपण अशा वेगवेगळ्या वाचणाऱ्या कशा निघालो, कळत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या दोन खोल्यांत एकच कंदील, एकच सतरंजी आणि पुस्तकंही तीच. मी बी.एड. झाले, शाळेत लागले. तुला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातूनच काढून संत्र्याच्या बागायतदाराकडं दिलं. वाचत दोघीही राहिलो. मी वाचायची ते उतरवून काढायची. लाल शाईनं मथळा, निळ्यानं मजकूर, महत्त्वाचं हिरव्यानं. दोनशे पानी वह्या. माझं लोखंडी कपाट त्यांनी भरलंय आणि ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलंय. तू सोडून.

तो मे महिना आठवतो तुला? मी सुट्टीत आले होते. तुझ्या ओसरीत चिंचांचा ढीग पडला होता आणि आपण दोघी चिंचोके काढत होतो. मी नुकतंच एक जाड पुस्तक संपवलं होतं, जुन्या काळी गावं पाणी कसं साठवायची त्यावरचं. मी म्हणाले, फार छान पुस्तक आहे ताई.

"छान हाय तं सांग ना, काय हाय त्याच्यात?"

"थांब, वही आणते."

"वही नको. तू सांग."

मी सुरुवात केली. दोन वाक्यं बोलले आणि गाडी अडली. तलाव होते, बांध होते, त्यांची देखभाल कशी करायचे याचं काहीतरी होतं, आणि एका ठिकाणी फार सुंदर मुद्दा होता, तो मी हिरव्या शाईनं लिहिला होता. शाई आठवत होती. मुद्दा आठवत नव्हता.

तू चिंच फोडत फोडतच म्हणालीस, "मंग वाचलं कोण? तू का तुह्या वहीनं?"

मला इतका राग आला! मी म्हणाले, "ताई, मी बी.एड. आहे."

"हो ना. म्हणून तं विचारून राह्यली."

मग तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि ते पुस्तक माझ्यासमोर ठेवलंस. म्हणालीस, एवढी तीन पानं वाच. वाचली. मी पेन उघडलं तर तू माझा हात धरलास. "पुस्तक बंद कर आधी. पेन बी ठेव. चिंचा फोड." अर्धा शेर चिंच होईस्तोवर तू मला इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत बसलीस, भाऊजींच्या मावसबहिणीचं लग्न, विहिरीवरची मोटर. मग म्हणालीस, "आता लिही. चार ओळी. तुह्या भाषेत. पुस्तकाकडं पाहाचं नाही." मी अडीच ओळी लिहिल्या. मग तू पुस्तक उघडायला लावलंस आणि माझ्या अडीच ओळी शेजारी ठेवल्या. मुख्य गोष्टच सुटली होती. तिथं तू पेन्सिलीनं फुली मारलीस.

"हे सुटलं ना? आता हे नाही विसरत तू."

आजतागायत विसरले नाही, ताई. बांधाचा गाळ दरसाल कुणी काढायचा हे गाव मिळून ठरवायचं, आणि ते ठरवणं बंद पडलं तिथं तलाव मेले. ही ती सुटलेली ओळ. कपाटातल्या सगळ्या वह्यांतलं मला न बघता सांगता येईल असं तेवढंच आहे.

तुझं एवढ्यावर भागायचं नाही. चार ओळी पानाच्या डाव्या अर्ध्यात. उजवा अर्धा कोरा. आठेक दिवसांनी डाव्या बाजूवर तळहात ठेवायचा आणि स्वतःलाच विचारायचं, काय होतं इथं? आलं तर आलं, नाही आलं तर पुन्हा फुली. आणि उजव्या बाजूला, वाचलेलं करून पाहिल्यावर काय झालं ते. करून पाहिलंच नाही तर उजवी बाजू कोरीच राहणार, आणि कोरं पान तुला आवडायचं नाही.

डिंक्याच्या वर्षी मी ते डोळ्यांनी पाहिलं. झाडांच्या बुंध्यातून डिंक गळत होता, एकेक झाड वाळत होतं. तू कुठल्याशा पुस्तिकेत वाचलंस की बुंध्याला माती लागू द्यायची नाही, पाणी थेट खोडाशी उभं राहू द्यायचं नाही, झाडाभोवती दुहेरी आळं करायचं म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात फिरतं. वाचलंस, पुस्तिका मिटलीस, भाकरी केल्यास, मग लिहिलंस. दुसऱ्या दिवशी एका ओळीतल्या झाडांची माती उकरायला बसलीस. तेव्हा तुझे सासरे होते. "पुस्तकं वाचून बाग होत असते का सूनबाई?" म्हणून सगळ्यांसमोर ओरडले तुझ्यावर. तू म्हणालीस, "सगळी नाही करत मामाजी. एक ओळ द्या मले फक्त." त्यांनी दिली. उजव्या बाजूला तू त्यानंतर दोन वर्षांनी एकच शब्द लिहिलास, "थांबला." सासऱ्यांनी पुढच्या हंगामात न सांगता सगळ्या बागेला दुहेरी आळी करवली. तुला शाबासकी नाही दिली. तूही मागितली नाहीस.

तू गेल्यावर सहाव्या दिवशी रुपाली माझ्याकडं आली. घरात पाहुणे, सतरंज्या, तेरवीची यादी, या सगळ्यांत ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं. हातात तुझी डायरी.

"मावशी, झाडं ताणावर आहेत."

मला आधी कळलंच नाही काय म्हणते ते. मग आठवलं. आंबिया बहरासाठी डिसेंबरात तू पाणी तोडतेस, झाडं उपाशी ठेवतेस, आणि जानेवारीत बरोबर वेळ पाहून पाणी सोडतेस म्हणजे ती फुलावर येतात. लवकर सोडलं तर नुसती पालवी फुटते, उशीर केला तर झाड खचतं. वर्षाची सगळी बाग त्या आठ-दहा दिवसांवर.

"बाबांना विचारलं," रुपाली म्हणाली, "तर ते म्हणाले, पाणी कधी सोडाचं ते तिले मालूम. तिले विचारा."

तुझा निलेश नागपूरला नोकरीत, त्याला यातलं काही ठाऊक नाही. रुपाली मूळची अमरावतीच्या राजापेठेतली, लग्नाआधी तिनं संत्र्याचं झाड जवळून पाहिलं नव्हतं. पण चार वर्षं ती तुझ्यामागं बागेत फिरली आहे. ती म्हणाली, "झाडांना सुतक कळत नाही मावशी. आईंनी सगळं यात लिहिलंय, पण मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं का?"

मी डायरी हातात घेतली. "खा. – म. – घाई – पस्तावा." उद्या तू नसलीस तर हे वाचणार कोण? मी. मीच, ताई. मला बसवलंस तू त्यासाठी.

दोन दिवस आम्ही त्या खोलीत बसलो. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती मी तुला सांगायला हवी. मला वाचता येत होतं. सगळं नाही, पण येत होतं. कारण तू लिहायचीस ते तीन शब्द, आणि बोलायचीस तासभर, आणि बोलायचीस माझ्याशीच. "घाई" पाशी मला एकदम तुझा फोन आठवला. "विजे, खालच्या वावरात चिबड जमीन, पाणी धरून राह्यते, मले वाटलं पानं मलूल झाली, मी घाई केली वं, नुसती पालवी आली, फूल नाही." म. म्हणजे मलूल! मी ओरडलेच. रुपालीनं वही काढून लिहून घेतलं. "ना. वर." म्हणजे नाल्यावरचा तुकडा, हलकी जमीन, तिथं पाणी दहा दिवस आधी सोडलं आणि बरं झालं. एकेक खूण लागत गेली. मधेच आम्ही दोघी हसलोसुद्धा. एका पानावर "हे ऐकत नाई" असं लिहिलं होतं, हे म्हणजे भाऊजी, आणि उजव्या बाजूला, "ऐकलं." बाहेरून कुणी आमचं हसणं ऐकलं असेल तर काय म्हणालं असेल!

काही ओळी नाहीच लागल्या. "मा. प्र. – ३ – आठव." काय आठव? कुणी आठवायचं? तो शब्द तू स्वतःसाठी लिहिला होतास. त्याची खूण तुझ्याबरोबरच गेली.

रुपालीनं नाल्यावरच्या तुकड्याला पाणी सोडलं. खालच्या वावरात ती रोज सकाळी जाऊन पानं हातात धरून पाहायची आणि परत यायची, अजून नाही म्हणायची. भाऊजी आठव्या दिवशी तिच्यासोबत गेले.

डायरी घेऊन बसलो त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशीचं लिहायचं मी इथवर टाळत आले.

ताई, मी तुझी रीत वर्गात सुरू केली त्याला चार वर्षं झाली. धडा वाचून झाला की पोरींना पुस्तकं मिटायला लावते. थोडा वेळ दुसरंच काही करवते, मग पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते, स्वतःच्या शब्दांत. मग पुस्तक उघडून फुल्या. सुरुवातीला पोरी कुरकुरल्या, पालक म्हणाले, बाई नोट्स देत नाहीत. पण ज्या पोरी परीक्षेत माझीच वाक्यं घोकून लिहायच्या, त्या आता प्रश्न विचारतात. मला मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं हे काय करता तुम्ही. आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटी राजापेठेतल्या एका सभागृहात शिक्षकांचा मेळावा होता, तिथं मला अर्धा तास बोलायला सांगितलं.

मी बोलले. चांगलं बोलले. पुस्तक मिटून पाच मिनिटं थांबलं तरी पुरतं, हे मी वर्गात ताडून पाहिलेलं तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. एका बाईंनी विचारलं, मॅडम, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? आणि मी म्हणाले, "अनुभवातून."

अनुभवातून! शेंदूरजनाघाटची, चिंचा फोडणारी, बी.एस्सी. अर्धवट राहिलेली माझी बहीण, असं त्या सभागृहात माझ्या तोंडून निघालं नाही. का नाही? मी तुला फसवत नाही, स्वतःलाही नाही. मला ते माझं हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं अक्षर सोडून दुसऱ्या कशाचं कौतुक करत होते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "काय बोलली तू तिथी?" मी म्हणाले, "काही नाही वं, नेहमीचंच. शिकवायचं बिकवायचं." तू म्हणालीस, "बरं." मग दुसरं काही बोललो आपण, भाजीचं की पाहुण्यांचं.

तर त्या दुसऱ्या दिवशी पानं उलटता उलटता रुपाली थांबली. "मावशी, हे तुमच्याबद्दल आहे का?"

डाव्या बाजूला लिहिलं होतं, "वि. – अम. – पु. बंद – ५ मि. पुरे – बरं सांगतलं. बोल्ली नाई."

मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. मी रुपालीकडं पाहिलं.

"आम्ही आलो होतो ना त्या दिवशी," ती म्हणाली. "माझ्या माहेरी कार्यक्रम होता. तुमचं भाषण आहे म्हणून आई म्हणाल्या, चल, विजूले चकित करू. हॉल जवळच होता. आम्ही अगदी मागं बसलो होतो."

"शेवटपर्यंत?"

"टाळ्या होईपर्यंत. मग ते प्रश्न विचारत होते लोक, ते ऐकलं, आणि आई म्हणाल्या, निघू आता. तिले गर्दी हाय."

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"काही म्हणाली का ती? रस्त्यात?"

"नाही. गाडीत झोपल्या होत्या. पण तेव्हापासून वाचून झालं की घड्याळ पाहायच्या. मला म्हणायच्या, पाच मिनिटं थांबू फक्त, विजू म्हणते पुरते."

माझ्याकडून शिकून घेतलंस तू! मी तुझं चोरलं आणि तू मागं बसून माझ्या बोलण्याचं टिपण काढलंस. घरी येऊन, आठवून. आणि मग मला फोन करून विचारलंस, काय बोलली तू तिथी. तू मला एक संधी देत होतीस. मी म्हणाले, नेहमीचंच.

आणि ते शेवटचं "बोल्ली नाई". मी ते दोन शब्द इतक्यांदा वाचले आहेत. आपल्याकडं बाया "मी बोल्ली नाई" असंच म्हणतात आणि "ती बोल्ली नाई" हेही तसंच. कोण बोल्ली नाई, ताई? मी, तुझं नाव घेऊन? का तू, मला काही? राग आहे तो, की नुसतं लिहून ठेवलंस? एक अक्षर जास्त लिहिलं असतंस तर. आपल्या त्या जुन्या भांडणात मी जिंकले, बघ. परक्याला कळेल असं लिहायला हवं होतंस. असं जिंकायचं नव्हतं मला.

रुपालीनं विचारलं, "याचा अर्थ काय मावशी?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं काही समजूत घातली नाही, बरं केलं. उठून पाणी आणून दिलं.

तेरवी झाली आणि मी अकोल्याला आले. मेळावा भरवणाऱ्या बाईंना फोन केला. म्हणाले, मी सांगितलं ती रीत माझी नव्हती, माझ्या बहिणीची होती, ती वारली. त्या म्हणाल्या, "अरेरे, फार वाईट झालं. पण मॅडम, त्यात काय एवढं, कल्पना कुणाचीही असो, मुलांना उपयोग झाला ना!" त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. फोन ठेवला तेव्हा मला आणखीच सुन्न वाटलं. कबुली द्यायची म्हणून मी दोन दिवस शब्द जुळवत होते आणि समोरच्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नाही. ज्या एकीला वाटलं असतं, तिनं मला विचारून पाहिलं होतं.

परवा रुपालीचा फोन आला होता. नाल्यावरच्या झाडांना कळ्या दिसायला लागल्यात. खालच्या वावरात तिनं अखेर सोमवारी पाणी सोडलं, बरोबर केलं की चूक ते कळायला अजून वेळ आहे. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच आहे म्हणाली. ती आता पूर्ण वाक्यं लिहिते, मी सांगितलं म्हणून. आणि पुस्तक मिटून लिहिते, तू सांगितलंस म्हणून.

काल मी आठवीच्या त्याच वर्गात गेले. धडा वाचून झाला, पुस्तकं मिटायला सांगितली. पोरी कागद काढत होत्या. मी म्हणाले, "थांबा. आपण हे जे करतो ना, ते मी शोधलेलं नाही. ते माझ्या ताईचं आहे." असं चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

मग दुसऱ्या बाकावरची एक पोरगी, सगळ्यांत जास्त प्रश्न विचारते ती, म्हणाली, "बाई, त्या कोणत्या शाळेत शिकवतात?"

"शाळेत नाही शिकवत. शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग करते ती." करते, असंच आलं तोंडात.

"मग त्यांना कोणी शिकवलं हे?"

मी सांगायला तोंड उघडलं. पोरी माझ्याकडं पाहत होत्या. मी फळ्याकडं वळले, पुन्हा त्यांच्याकडं वळले. ताई, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं भांडले तुझ्याशी, घेतलं तुझं, वापरलं, आणि हे मी तुला एकदाही विचारलं नाही.